नंबर पाटीची जमीन

नंबर पाटीवरचा आकडा सगळ्यांना दिसतो, त्याच्या मागचा रंग कुणी बघत नाही. पेंटर लोक त्या मागच्या रंगाला जमीन म्हणतात. माझे सासरे म्हणायचे, "आकडा कोनीबी काढते वं, जमीन साधली पाह्यजे." माझी ऐन उमेदीची तीन वर्षं ही जमीन साधण्यात गेली, आणि घरातले आम्ही चौघं सोडले तर गावात कुणालाही ते ठाऊक नव्हतं.

मी जानेफळची. मॅट्रिक झाले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. आमच्या आळीत मॅट्रिक झालेली मुलगी मी एकटीच, त्यामुळे मला स्वतःबद्दल जरा जास्तच वाटायचं. मला मास्तरीण व्हायचं होतं. बुलढाण्याला बायकांसाठी दोन वर्षांचं ट्रेनिंग होतं, राहायची सोय होती. डोणगावचं स्थळ आलं तेव्हा वडिलांनी बैठकीतच ही गोष्ट काढली. सासऱ्यांनी पाच माणसांसमोर सुपारी कातरता कातरता सांगितलं, "एक वर्स जाऊ द्या. मंग मीच नेऊन सोडतो पोरीले बुलढान्याले." वडील खूश झाले, मीही झाले. कोणतं वर्ष, ते मात्र कुणी विचारलं नाही.

सासऱ्यांचं दुकान डोणगावात मोठ्या रस्त्याला लागून होतं आणि दुकानाच्या मागे घर. रस्त्यावरून ट्रक जायचे, त्यामुळे नंबर पाट्यांना तोटा नव्हता. दुकानांचे बोर्ड, लग्नाच्या कमानी, ट्रकच्या मागचं मोर-कमळ, सगळं ते करायचे. पण नाव होतं ते पाट्यांसाठी. पार मेहकर-लोणारहून लोक यायचे. त्यांची काळी जमीन अशी असायची की तिच्यात बघून भांग पाडावा.

लग्नाला सहा महिने झाले असतील. दुपारचा चहा घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत गेले तर सासरे पाटीसमोर बसलेले, आणि उजवा हात मांडीखाली दाबून धरलेला. मला वाटलं पायाला मुंग्या आल्या. त्यांनी हात बाहेर काढला तेव्हा कळलं. बोटं थरथरत होती, थांबतच नव्हती. मी कप खाली ठेवून निघाले तर म्हणाले, "तू रांगोळी काढतं ना? हे रेघ ओढ बरं."

मी ब्रश घेतला आणि ओढली. जानेफळच्या अंगणात लहानपणापासून ठिपके जोडलेले, त्यात काय एवढं? रेघ सरळ आली. सासऱ्यांनी पाटी उजेडाकडे तिरपी धरून बघितली. ती रेघ मी वाकडी ओढली असती तर माझं आयुष्य दोन-तीन वर्षं आधी सुरू झालं असतं. पण हे सगळं नंतरचं शहाणपण.

तेव्हापासून पाट्या मी करू लागले. आमचे हे दुकानात बसून गिऱ्हाइकाशी बोलायचे. स्वभावानं साधे, बोलण्यात गोड, पण हातात ब्रश दिला की बैलानं चालता चालता मुतावं तशी रेघ. ते स्वतःच असं सांगायचे आणि हसायचे. पाटी मागच्या दारानं आत यायची, मी करायची, आणि पुढच्या दारानं सासऱ्यांच्या नावावर बाहेर जायची. सुनेनं ट्रकच्या पाट्या रंगवायच्या म्हणजे घराची शोभा, आणि वर सासऱ्यांचा हात गेला हे कळलं तर दुकानच बसलं. त्यामुळे तोंडाला कुलूप. नखांत रंग राहायचा. शेजारणी विचारायच्या, "काऊन वं, सदानकदा हळदच कुटून राह्यली का?" मी हाव म्हणायची. काळा रंग असला की चुलीची काजळी म्हणायची. निळ्याला मात्र उत्तर नव्हतं, म्हणून निळी पाटी असली की चार दिवस विहिरीवर जात नव्हते.

कामाची खोली म्हणजे धान्याची कोठी. जमिनीचं काम उघड्यावर होत नाही. रंग ओला असताना धुळीचा एक कण बसला की पाटीवर पुरळ उठल्यासारखं दिसतं, आणि रस्त्यावरची धूळ तर कधी थांबायचीच नाही. म्हणून आधी खोलीत पाणी शिंपडायचं, दाराला ओलं पोतं लावायचं, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबायच्या आणि पाट्यांवर जुन्या लुगड्याचा मांडव घालायचा. मग आत बसायचं. पंखा नाही, वारा नाही, घासलेटचा वास आणि ज्वारीच्या पोत्यांची ऊब. दार सारखं उघडायचं नाही, कारण उघडलं की धूळ आलीच. घाम पाटीवर पडू नये म्हणून कपाळाला पदराची पट्टी बांधायची मी. उन्हाळ्यात तर वाटायचं, मी पण एक पोतंच आहे, तोंड शिवून भिंतीला लावून ठेवलेलं.

तरीही खरं सांगते, काम आवडायचं. पत्रा काचपेपरनं घासायचा, लाल अस्तर द्यायचं, खड्डे पुट्टीनं भरायचे, पुन्हा घासायचं, आणि मग जमिनीचा पहिला हात, दुसरा हात, तिसरा. सासरे डब्यातला तयार रंग जमिनीला वापरू देत नसत. "डब्यातला रंग दोन उन्हाळ्यात फाटते," म्हणायचे. ते रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटून घ्यायचे. हे तेल साधं नसायचं. गावाबाहेर तेलघाणीवाल्याच्या मळ्यात ते तेल कढईत उकळायचे, त्यात एक पूड टाकायचे, थंड करायचे आणि मग बाटलीत भरून आणायचे. घरात उकळलं तर आग लागायची भीती आणि वास तर असा की भूक मरावी. त्यामुळे घरात यायची ती फक्त बाटली. ती कोठीतल्या फळीवर असायची.

पहिलं वर्ष गेलं. जूनमध्ये मी यांना म्हटलं, फॉर्म आणा. हे बापाकडे बघायला लागले. सासरे म्हणाले, "यंदा ट्रकवाल्यायचं लय काम आलं. पुढच्या साली." दुसऱ्या वर्षी बैलाचा पोळा होऊ दे म्हणाले. बैलाच्या पोळ्याचा आणि माझ्या ट्रेनिंगचा काय संबंध, हे मी आजतागायत शोधते आहे. राग मला त्यांचा यायचा नाही, म्हणजे त्यांचाही यायचाच, पण जास्त यायचा तो स्वतःच्या हाताचा. जितकी पाटी चांगली, तितकं काम जास्त. जितकं काम जास्त, तितकं बुलढाणं लांब. मी माझ्याच हातानं दाराला पोतं लावत होते.

तिसऱ्या वर्षी मामला निराळा होता. ट्रेनिंगला वयाची अट होती आणि मला ते शेवटचं वर्ष होतं. या जूनमध्ये फॉर्म गेला नाही तर मग कधीच नाही. भावानं बुलढाण्याहून फॉर्म आणून दिला, तो मी पेटीत लुगड्यांच्या घडीत ठेवला होता. त्यावर घरच्या कर्त्या माणसाची सही लागत होती.

माहेरी गेले तेव्हा मायजवळ रडले. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग एखांदी पाटी बिघडव ना वं. येडी कुठची. भाजी खारट केली की दुसऱ्या दिवशी कोनी रांधाले सांगत नाई."

मी ठरवून परत आले. एका ट्रकची पाटी होती. तीनचं पोट मुद्दाम मोठं काढलं, गरोदर बाईसारखं. बघून समाधान वाटलं. मग पीठ मळायला गेले, आणि मळता मळता ते तीन डोळ्यांसमोरून हलेना. तो ट्रक कुठे कुठे जाईल, मुंबईला जाईल, नागपूरला जाईल, आणि मागं हे असलं ध्यान घेऊन फिरेल. कणकेचे हात तसेच घेऊन पळत आले आणि घासलेटच्या बोळ्यानं सगळं पुसून काढलं. पुन्हा काढलं ते असं उतरलं की सासरे म्हणाले, हा तीन म्या जन्मात काढला नाई. मी स्वतःला काय काय शिव्या घातल्या ते लिहीत नाही.

एप्रिलमध्ये ती मोटारसायकल आली. आधी आवाज आला. आमच्या रस्त्यावर ट्रकची सवय होती, पण हा आवाज निराळा होता, खोकत खोकत चढणारा. फटीतून पाहिलं. मेहकरच्या एका कापसाच्या जिनवाल्याचा मुलगा होता, तिशीतला. लढाईच्या काळात गोऱ्या सोजिरांनी वापरलेली गाडी कुठल्याशा लष्करी लिलावातून त्याच्या वडिलांनी घेतली होती. हा तिच्या मागे वेडा. मडगार्ड काढून टाकलेले, दिवा काढलेला, नळी वर वळवलेली, टायर ट्रॅक्टरसारखे खवल्यांचे. गाडी कसली, सोललेला बोकडच. ती तो रस्त्यावर क्वचितच आणायचा, एरवी माळरानावर आणि नदीच्या पात्रात उडवायचा. मे महिन्यात पैनगंगेच्या कोरड्या पात्रात अशा गाड्यांची शर्यत होणार होती, आणि त्यासाठी तीन पाट्या लागत होत्या, एक पुढे, दोन बाजूंना. वर काळा आकडा, सत्तावीस.

"काका, आकड्याचं सोडा," तो सासऱ्यांना म्हणाला, "मागचा पिवळा असा पाह्यजे की लांबून डोळ्यात घुसला पाह्यजे. बारा फेऱ्या हायेत. मास्तर लोक टेबलावर बसून आकडा पाहून फेऱ्या लिहिनार. आकडा दिसला नाई तं फेरी गेली."

आणखीही फर्माइशी होत्या. पुढची पाटी पिंपळपानासारखी, बाजूच्या अंड्यासारख्या. कडेला लाल बारीक दोरी, म्हणजे रेघ. आणि पिवळा सपाट नको, मध्ये उजळ आणि कडेला जरा गडद, म्हणजे आकडा वर आल्यासारखा वाटेल. असं काम आमच्याकडे कधीच आलं नव्हतं. फटीमागे उभी राहून माझ्या हाताला मुंग्या यायला लागल्या. असा माझा हात. मालकिणीचं ऐकत नाही.

तो गेल्यावर मी पहिल्यांदा सासऱ्यांसमोर धीटपणे उभी राहिले. पदर डोक्यावर होता, पण आवाज सरळ होता. म्हटलं, "मामाजी, यंदा माझं शेवटचं वर्ष आहे. तुम्ही शब्द दिला होता."

ते हात चोळत राहिले. "ह्या तीन पाट्या होऊ दे," म्हणाले. "मंग पाहू."

'मंग पाहू' म्हणजे नाही, हे आमच्या वऱ्हाडात लहान पोरालाही कळतं. तरी मी कामाला लागले.

मध्ये अक्षय तृतीया, म्हणजे आमची आखाजी, आली. आमच्या सासूबाईंचा त्या दिवसाचा एक कडक नेम होता. त्या दिवशी घरात काही रिकामं राहता कामा नये. जे भरलेलं असेल ते वर्षभर भरलेलं राहतं, आणि जे रिकामं असेल ते रिकामं. म्हणून त्या सकाळपासून घरभर फिरून भरत सुटायच्या. माठ, घागरी, मिठाची बरणी, हळदीचा डबा, देवाजवळची तेलाची बुधली. एकदा त्यांनी यांच्या रिकाम्या खिशातही गहू टाकले होते. मी आंब्याच्या रसात आणि पुरणात होते, त्या कुठे कुठे फिरल्या ते पाहिलं नाही.

दोन दिवसांनी पिवळी जमीन धरली. पिवळ्या मातीची पूड, तिला पेवडी म्हणतात, ती फरशीवर तेलात घोटायला घेतली. त्या दिवशी घोटताना रंग जरा ढिला वाटला. ब्रश नेहमीसारखा ओढत नव्हता, घसरत होता. मला वाटलं, उन्हाळा आहे, तेल पातळ झालंय. अस्तर, पुट्टी, पिवळ्याचे तीन हात. मध्ये उजळ ठेवत कडेला बोटानं थोपटून गडद करत गेले. त्या बंद खोलीत घाम पुसत पुसत तीन दिवस मी त्या तीन पाट्यांशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. चौथ्या दिवशी बोट लावून पाहिलं, वर साय धरल्यासारखं कोरडं होतं. मग काळा सत्तावीस आणि लाल दोरी.

सासरे पाट्या बघायला आत आले तेव्हा दारातच थांबले. मग जवळ आले, उकिडवे बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाईट वाटलं की बरं वाटलं हे मला कळलं नाही. मला मात्र वाईटच वाटलं, कारण अशी पाटी करणाऱ्या बाईला कोण सोडणार?

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोच खोकणारा आवाज आला. मी कोठीत होते. जिनवाल्याच्या मुलानं पाट्या सोडवून आणल्या होत्या आणि दुकानाच्या बाकड्यावर आपटल्या.

"काका, हे काय काम झालं का?" त्याचा आवाज रडवेला होता, रागापेक्षाही वाईट. "तिसऱ्या फेरीनंतर मास्तरायले माहा आकडाच दिसला नाई. सगळी रेती पाट्यायले चिकटली. म्या बारा फेऱ्या मारल्या, सगळ्यायच्या आंधी, आन् टेबलावर माह्या नावानं तीनच! लोकं हसून राह्यले. रंग वाळलाच नोता तुमचा!"

हे मधे मधे "बसा भाऊ, चहा घ्या" करत होते. मी फटीतून पाट्या पाहिल्या. उन्हानं पिवळा मऊ पडला होता आणि त्यावर नदीची बारीक वाळू बसली होती, गुळावर माश्या बसाव्या तशी. सत्तावीसचा दोन कुठे संपतो तेही कळत नव्हतं. मी तीन वर्षांत एक पाटी अशी दिली नव्हती.

मी वळून फळीवरची तेलाची बाटली काढली. सणाच्या आधी ती अर्धी होती, माझ्या चांगलं लक्षात होतं. पिवळ्याला तर मी बरंच तेल घेतलं होतं, तरी ती अजून अर्ध्याच्या वरच होती. बूच काढून वास घेतला. उकळलेल्या तेलाला एक जळका, उग्र वास असतो. याला फोडणीच्या तेलाचा वास होता. कच्चं जवसाचं तेल, घाणीवरून आलेलं, खायचं. असल्या तेलातला रंग वरून साय धरतो आणि आतून आठवडे वाळत नाही.

सासूबाई मागे उभ्या होत्या. "काय पाह्यतं वं बाटलीत?" त्या म्हणाल्या. "थे म्याच भरली आखाजीले. अर्धी रिकामी होती. सणाच्या दिवशी तेलाचं भांडं रिकामं बरं दिसते का?"

किती सरळपणानं म्हणाल्या त्या! पेंटरच्या घरात चाळीस वर्षं काढलेली बाई, पण तेल उकळताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या लेखी तेल ते तेल. मी बूच लावून बाटली जागेवर ठेवली.

तेवढ्यात सासरे पाट्या घेऊन आत आले. मागून हे आले. बाहेर बाकड्यावर गिऱ्हाईक बसून होतं. सासऱ्यांनी पुढची पाटी हातात धरली, अंगठ्यानं पिवळ्यावर दाबलं, ठसा उमटला. मग त्यांनी अंगठा नाकाजवळ नेला. वास घेतला. एकदा सासूबाईंकडे बघितलं, एकदा फळीवरच्या बाटलीकडे, आणि मग माझ्याकडे. त्यांना कळलं होतं. मला कळलं होतं. ज्यांना कळलं नव्हतं ते दोघं आमच्या तोंडाकडे बघत होते.

"सूनबाई," सासरे म्हणाले, "खरं सांग. तेल बरोबर होतं का?"

मी आजही तो प्रश्न ऐकते. एवढंच म्हणायचं होतं, 'नाही, तेल कच्चं होतं.' म्हटलं असतं तर माझा हात निर्दोष सुटला असता. सासूबाईंना चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते, नवं तेल आलं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच तीन पाट्या पुन्हा, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. फॉर्मची तारीख महिन्याच्या आत होती. ते माझ्याकडे टक लावून बघत होते. त्यांनी मला दार उघडून दिलं होतं, पण त्या दारातून जायचं तर हाताचं नाव उंबऱ्याच्या आत ठेवून जावं लागणार होतं.

"तेल बरोबर होतं, मामाजी," मी म्हटलं.

त्यांनी पाटी उलटी करून खाली ठेवली. मला वाटतं, मी शब्द फिरवते का याची वाट बघत असावेत. मी फिरवला नाही.

"मंग हातच खराब तुहा," ते म्हणाले. आवाज चढा होता, त्या दोघांना नीट ऐकू जाईल असा, पण बाहेर बाकड्यापर्यंत न पोचणारा. "तीन वर्सं शिकवलं, पन काई आलं नाई. जमीन म्हंजे काय थे हिले समजलंच नाई. जाऊ दे हिले ट्रेनिंगले. घरात ठिऊन तरी काय उपेग?"

सासरे बोलले ते खोटं, हे बोलणाऱ्यालाही माहीत आणि ऐकणारीलाही. तरीही ते अंगावर फोड आल्यासारखं लागलं. ओरडून सांगावंसं वाटलं, बाटली उघडा, वास घ्या, माझा हात खराब नाही. मी पदराचं टोक दातात धरलं. सासूबाईंना वाटलं मी रडते आहे. रडतच होते, पण त्यांना वाटलं त्या कारणानं नाही.

सासरे बाहेर गेले. मी फटीतून पाहिलं. त्यांनी उजवा हात जिनवाल्याच्या मुलापुढे धरला, थरथरणारा, आणि म्हणाले, "दोष माहा हाय, भाऊ. हे पाह्य. आता पाट्या बंद." तीन वर्षं जो हात त्यांनी मांडीखाली दडवला होता तो भर रस्त्यावर सगळ्यांना दिसला. मुलगा पाट्या तिथंच टाकून निघून गेला. हातानं जे मला बिघडवता आलं नव्हतं ते मी तोंडानं बिघडवलं होतं, आणि त्याची किंमत त्यांनी चुकती केली होती. ते माझ्यासाठी केलं, की बायकोला बोल लागू नये म्हणून, की दिलेल्या शब्दाची लाज वाटून? मी त्यांना कधी विचारलं नाही. तिन्ही असेल. माणूस एका कारणानं एवढं मोठं खोटं बोलत नाही.

फॉर्मवर सही त्याच आठवड्यात झाली. दुकानात मग यांनी तयार रंगाचे डबे आणि ब्रश विकायला ठेवले आणि बरं चाललं, आधीपेक्षाही बरं. सासरे बाकड्यावर बसून असायचे. माझ्याशी ते पूर्वीसारखंच बोलायचे, पण पाट्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही नाही.

बुलढाण्याच्या गाडीत बसवायला सासूबाई आल्या होत्या. हे तिकीट काढायला गेले. सासूबाईंनी माझ्यासाठी शेवयांचं आणि वड्यांचं गाठोडं केलं होतं, ते मांडीवर ठेवलं, खिडकीतून माझा उजवा हात धरला आणि उलटासुलटा करून बघितला. नखांत कुठे रंग राहिलेला नव्हता. त्यांना माझी कीव आली असावी. त्या तशा फार माया करणाऱ्या, फक्त कधी बोलून दाखवत नसत.

"मनाले लावून घेऊ नको वं बाई," त्या म्हणाल्या. "सगळ्यायलेच हात थोडी ना रायते? तुहं जमलं नाई तं नाई. शाळेत तरी चांगलं शिकव."

मी "हाव" म्हटलं आणि गाडी सुटली.